बॅग हलली, ठोसा कुठे गेला?

कुठल्याही जिममध्ये कोपऱ्यात टांगलेल्या पंचिंग बॅगेपाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक दृश्य हमखास बघायला मिळतं. नवा मुलगा येतो, ग्लव्हज चढवतो, खांदा मागे नेतो आणि जीव तोडून ठोसा हाणतो. बॅग पार मागे जाते, साखळ्या करकरतात, आणि ती परत येताना त्याला बाजूला व्हावं लागतं. बघणाऱ्यांना वाटतं, काय ताकद आहे! मग चार-पाच वर्षं नेमानं बॉक्सिंग करणारी एखादी सडपातळ मुलगी त्याच बॅगेसमोर उभी राहते. तिचा ठोसा डोळ्यांना नीट दिसतही नाही. कोरडा ‘टप्प’ आवाज येतो, रेक्झिनवर खळगा पडतो, बॅग मधून दुमडल्यासारखी थरथरते आणि जेमतेम वीतभर हलून जागेवर येते.

दोघांपैकी जोराचा ठोसा कोणाचा? डोळे म्हणतात, मुलाचा. पलीकडे पाठ करून उभा असलेला कोच नुसत्या आवाजावरून सांगतो, मुलीचा. बहुतेक वेळा कोचचंच बरोबर असतं.

हे कोडं सुटलं की हेवी बॅगवरच्या सरावाचं निम्मं मर्म हाती लागतं. बॅग प्रत्येक ठोशाला उत्तर देत असते. आवाज, हेलकावा, बॅगेनं घेतलेली गिरकी, आपल्या मनगटात उठलेली कळ ही सगळी तिची उत्तरं. ती वाचता आली नाहीत तर माणूस वर्षभर घाम गाळून स्वतःच्या चुकाच घोटून पक्क्या करतो. असे कष्टाळू लोक पाहिले की मला खरंच हळहळ वाटते, कारण त्यांच्या मेहनतीत कसूर नसते.

ढकलणं आणि मारणं

झोपाळ्यावरच्या मुलाला उंच झोका द्यायचा असेल तर आपण त्याच्या पाठीला तळवा टेकवतो आणि झोपाळ्याबरोबर पाऊलभर पुढे जात ढकलत राहतो. जोर फार लागत नाही, पण तो बराच वेळ लागू असतो. त्याच पाठीत धपाटा घातला तर झोपाळा फारसा हलणार नाही, मुलगा मात्र कळवळेल. फरक पडतो तो हात किती वेळ टेकला याचा.

बॅग किती लांब जाईल हेही जोर आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. पदार्थविज्ञानात या गुणाकाराला आवेग म्हणतात. समोरच्याला किती लागेल हे मात्र त्या टेकण्याच्या काळात जोरानं गाठलेल्या सर्वांत वरच्या टोकावर बरंचसं अवलंबून असतं. थोडा जोर पुष्कळ वेळ लावला की झोका मोठा मिळतो. पुष्कळ जोर क्षणभरच लागला की झोका लहान आणि दणका मोठा.

आकड्यांत पाहू. अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरना मोटार-अपघातांच्या चाचण्यांत वापरतात तसल्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठोसे मारायला लावले. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर होता. सरासरी जोर भरला ३,४२७ न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलो वजनाच्या भाराइतका. आणि धडकेत मुठीमागे प्रत्यक्ष सामील झालेलं वस्तुमान निघालं २.९ किलो.

असा ठोसा ४० किलोच्या, छताच्या आकड्यापासून मध्यापर्यंत दीड मीटर लांब टांगलेल्या बॅगेवर पडला असं धरा. हिशेब केला तर बॅग सुमारे २४ सेंटिमीटर मागे जाते. वीतभरच! आता त्याच बॅगेला कुणीतरी अवघा २० किलो वजनाइतका जोर लावून ०.३ सेकंद नुसतं रेटलं, तर ती जाते ५७-५८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट. ऑलिंपिक दर्जाच्या ठोशाच्या दुपटीहून जास्त, आणि तेही शाळकरी पोराला जमेल एवढ्या जोरात.

नवा मुलगा नेमकं हेच करत असतो. त्याची मूठ बॅगेला लागते आणि तिथेच चिकटून राहते. तो अंगानं तिला रेटत नेतो. खरा ठोसा किती थोड्या वेळात उरकतो याची मोजदादही झालेली आहे. पुढे १९९५ साली जगज्जेता झालेला ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनो याला १९८५ मध्ये संशोधकांनी लोलकासारख्या टांगलेल्या, मोजमापाची यंत्रं बसवलेल्या वजनावर ठोसा मारायला लावलं होतं. मूठ टेकल्यापासून १४ मिलिसेकंदांच्या आत जोर ४,०९६ न्यूटनच्या शिखरावर पोचला होता.

म्हणून बॉक्सिंगच्या वर्गात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारा हुकूम असतो, “परत आण!” मूठ ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, तितक्याच चपळाईनं हनुवटीपाशी परत यायला हवी. यातही एक खाच आहे. हे ऐकून काही जण ठोसा पोचायच्या आधीच आखडता घेतात आणि मग नुसती चापट बसते. नेम बॅगेच्या पृष्ठभागावर धरू नये, त्याच्या आत दोन-तीन बोटं धरावा. तिथवर पोचायचं आणि मगच निघायचं.

जोर निघतो टाचेखालून

ठोसा हातानं मारतात, पण त्यातला थोडाच जोर हाताचा असतो. सोव्हिएत संशोधकांनी १२० बॉक्सरच्या सरळ ठोशात पाय, धड आणि हात यांचा वाटा किती हे तपासलं होतं. वरच्या श्रेणीतल्या बॉक्सरमध्ये पायांचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास, धडाचा ३७ आणि हाताचा अवघा २४ टक्के होता. खालच्या श्रेणीत पायांचा वाटा १६-१७ टक्क्यांवर घसरलेला आणि हाताचा ३८ टक्क्यांवर चढलेला. १९८५ साली प्रसिद्ध झालेले हे आकडे मला या सगळ्या विषयातले सर्वांत बोलके वाटतात. वर्षानुवर्षांच्या तालमीनं बॉक्सर मुख्यतः पाय वापरायला शिकतो.

हे घडतं कसं? डावा पाय पुढे ठेवून उभ्या असलेल्या बॉक्सरचा उजवा सरळ ठोसा घेऊ. सुरुवात मागच्या, उजव्या पायाच्या चवड्यापासून होते. चवडा जमिनीला रेटतो, जमीन तितक्याच जोरानं उलट रेटते. टाच उचलली जाते आणि बाहेर वळते. त्याबरोबर गुडघा आत येतो, कंबर फिरते, कंबरेमागून छाती, छातीमागून खांदा, मग कोपर सुटतं आणि शेवटी मूठ. शेवटच्या काही इंचांत मूठ वळून तळवा जमिनीकडे होतो. क्रम महत्त्वाचा. खालचा सांधा आधी निघतो, वरचा क्षणभर मागे राहतो आणि खालच्याचा वेग घेऊन मग सुटतो. खांदा आधीच पुढे निघून गेला तर पायाकडे द्यायला कितीही असलं तरी घ्यायला कुणी उरत नाही.

बॅगेवर हे तपासायला खडूचा तुकडा पुरतो. पवित्र्यात उभं राहा आणि मागच्या टाचेच्या कडेला जमिनीवर रेघ मारून घ्या. दहा सरळ ठोसे मारा आणि दर वेळी ठोसा लागलेल्या क्षणी टाच कुठे आहे ते पाहा. रेघेवर सपाट टेकलेली असेल तर तुम्ही निव्वळ हातानं मारताय. उचलून बाहेर वळलेली असेल तर पाय कामाला लागलाय. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून मारलं की पाय सरकतो आणि ठोशातली जान जाते. त्यावरूनही कळतं, की जोर जमिनीकडून उसना घ्यावा लागतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे बॅगेवर रेलणं. ठोसा मारताना डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जातं आणि शरीराचा भार बॅगेवर पडतो. ठोसा मारणाऱ्याला हे कळत नाही, कारण बॅग त्याला सावरून धरते. काही कोच ठोसा निघतानाच बॅग झटकन बाजूला ओढतात. तोल गेला, पाऊल पुढे पडलं, की निदान झालं.

ढिला हात, घट्ट मूठ

नवशिक्या पहिल्या ठोशाआधीच दात-ओठ खातो. मूठ आवळलेली, खांदे कानाला लागलेले, दंड ताठ. चाळीस सेकंदांत त्याचे हात भरून येतात. दम कमी पडला असं त्याला वाटतं, पण खरी अडचण स्नायूंच्या जोड्यांची असते. कोपर सरळ करणारा स्नायू दंडाच्या मागच्या बाजूला असतो आणि ते वाकवणारा पुढच्या. दोन्ही एकदम आवळले की एक ढकलतो आणि दुसरा ब्रेक लावतो. ठोसा मंद होतो आणि शक्ती दुप्पट खर्च होते.

कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० मध्ये निष्णात लढवय्यांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत प्रहार करताना नोंदवले. त्यांना दोन शिखरं दिसली. ठोसा निघताना स्नायू आवळतात, मूठ वेग घेत असताना सैल पडतात, आणि लागण्याच्या क्षणी पुन्हा कडक होतात. मधलं सैल पडणं वेगासाठी असतं. शेवटचं आवळणं असतं वजनासाठी. नुसत्या पंजाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. मग वरच्या प्रयोगात २.९ किलो आले कुठून? धडकेच्या क्षणी मनगट, कोपर, खांदा आणि धड एकसंध ताठ झालं, की हाताचं आणि थोडंफार धडाचं वजनही मुठीमागे उभं राहतं. मनगट लुळं असेल तर मुठीमागे मूठच.

बॉक्सर ठोसा मारताना नाकातोंडातून ‘श्श’ असा तुटक श्वास सोडतात, तोही यासाठीच. तेवढ्या झटक्यानं पोट आवळलं जातं आणि धड क्षणभर ताठ होतं. शिवाय श्वास कोंडून ठेवायची नवशिक्याची सवय मोडते. ग्लव्हच्या आत बोटं नुसती दुमडलेली ठेवायची आणि बॅग चार बोटांवर आली की आवळायची. हे जमायला काही महिने जातात. सुरुवातीला सगळे ठोसे निम्म्याहून कमी जोरात मारावेत असा अनुभवी कोचचा आग्रह असतो. पूर्ण जोर लावायच्या ईर्ष्येत शरीर सैल पडायला तयारच होत नाही.

मुठीतली हाडं

तळहातात पाच लांब हाडं असतात. तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं मनगटाशी पक्की जखडलेली असतात, ती हलत नाहीत. अनामिका आणि करंगळीची हाडं मात्र सैल असतात. मूठ आवळताना ती पुढे-मागे होताना बोटानं चाचपूनही कळतं. म्हणून ठोसा पहिल्या दोन बोटांच्या उंचवट्यांवरच बसायला हवा. तिथून मनगटाच्या हाडांपर्यंत सरळ रेषेत आधार मिळतो. करंगळीच्या बाजूनं लागलं तर तिथलं हाड उंचवट्याच्या मागे, मानेपाशी मोडू शकतं. या दुखापतीला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात खरं, पण रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर मूठ आपटणाऱ्यांनाही ती पुष्कळदा होते.

हँडरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची पट्टी, बहुधा १८० इंचांची, साडेचार मीटर असते. ती मुठीला गादी म्हणून बांधतात असा समज आहे. गादीचं काम ग्लव्ह करतो. पट्टीचं काम सुटी हाडं एकत्र बांधून ठेवण्याचं. टोकाच्या फासात अंगठा अडकवायचा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूनं नेत मनगटाला तीन वेढे द्यायचे, मग उंचवट्यांवरून तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा काढून अंगठ्याला एक वेढा आणि उरलेली पट्टी पुन्हा मनगटावर. गुंडाळताना बोटं पूर्ण फाकवून ठेवायची. मूठ आवळली की पंजा रुंदावतो; आखडलेल्या बोटांवर बांधलेली पट्टी मग काचते. बांधून झाल्यावर बोटांची टोकं मुंग्या येऊन निळसर पडू लागली तर सोडून पुन्हा बांधावी. मूठ आवळल्यावर घट्ट आणि उघडल्यावर मोकळी वाटली की ती जमली.

ग्लव्हज बॅगेसाठी १२ ते १६ औंसांचे घ्यावेत. १६ औंस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पट्टी न बांधता ‘दोनच मिनिटं’ म्हणून बॅगेवर हात साफ करणाऱ्याला थांबवणं हे मी कर्तव्य समजतो. मनगट एकदा मुरगळलं की काही आठवडे वाया जातात.

बॅगेच्या पोटात काय आहे

टांगलेल्या बॅगेवर ठोसे मारायची पद्धत फार जुनी. प्राचीन ग्रीक आखाड्यांत अशी पिशवी असे, तिला कोरिकोस म्हणत. अंगानं नाजूक माणसासाठी तीत अंजिराच्या बिया किंवा पीठ भरत आणि धष्टपुष्टांसाठी वाळू. आजची बॅग बहुधा चिंध्यांनी आणि कापडाच्या कतरणीनं भरलेली असते. सहा-आठ महिन्यांत कतरण खाली बसते आणि बॅग तळाशी कडक, वर पोकळ होते. वरच्या भागावर मारायची सवय झालेली मूठ एक दिवस पोटाच्या उंचीवर ठोसा मारते आणि कळ कोपरापर्यंत जाते. म्हणून बॅग अधूनमधून उतरवून, उलटी करून, हातानं चाचपून पुन्हा भरावी. वाळूची बॅग तर नवशिक्यानं टाळावीच.

वजन साधारण आपल्या वजनाच्या निम्मं असावं असा ढोबळ नियम आहे. हलकी बॅग भलतीच भिरभिरते, फार जड असली तर हातांना सोसवत नाही.

अडीच सेकंदांचा हेलकावा

आता त्याच झोपाळ्याचा दुसरा गुण. झोपाळ्यावर लहान मूल बसो की मोठा माणूस, एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो. तो दोराच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. बॅगेचंही तसंच. आकड्यापासून मध्यापर्यंतची लांबी दीड मीटर असेल तर जाऊन-येऊन पूर्ण हेलकाव्याला सुमारे अडीच सेकंद लागतात. ठोसा जोराचा असो की हलका, बॅग मूळ जागेवरून निघून पुन्हा तिथे येते ती सव्वा सेकंदानं. आपल्या बॅगेला हलकं ढकलून दहा हेलकावे मोबाइलच्या घड्याळावर मोजा, तिची चाल कळेल.

या चालीला धरून सराव केला तर बॅग पावलं टाकायला शिकवते. बॅग मागे जाते तेव्हा तिच्यामागे अर्धं पाऊल सरकून दुसरा ठोसा. येताना दिसली की पुढच्या पायावर वळून बाजूला, ती जवळून जाते तेव्हा कडेनं हुक, म्हणजे वाकवलेल्या हाताचा आडवा ठोसा. बहुतेक लोक मात्र एका जागी खिळून उभे राहतात आणि बॅग हेलकावू लागली की दोन्ही हातांनी मिठी मारून थांबवतात. असं शंभरदा केलं की समोरचा जवळ येताच हात खाली सोडायची सवय अंगवळणी पडते.

येणाऱ्या बॅगेवर ठोसा मारताना मनगट दुमडतं, ते मुख्यतः अंतर चुकल्यामुळे. बॅगेचा वेग सेकंदाला मीटर-दीड मीटर, मुठीचा त्याच्या सहा ते नऊ पट. तेवढ्यानं जोर फारसा वाढत नाही. पण बॅग अपेक्षेआधी येऊन भेटते. तोवर कोपर अर्धंच उलगडलेलं असतं, मूठ वळायची राहिलेली असते, पकड आवळलेली नसते. अंतराचा अंदाज घ्यायचा तर हात सरळ करून उंचवटे बॅगेला लावा आणि पुढे दोन-तीन बोटं सरका. सरळ ठोशासाठी तेवढं अंतर पुरे. ठोशाच्या शेवटी कोपराला किंचित बाक राहिला पाहिजे. हात पूर्ण ताठ झाला तर दणका कोपराच्या सांध्यावर बसतो.

जोडीदारानं मागून बॅग धरून ठेवायची पद्धत खूप ठिकाणी आहे. नवशिक्यासाठी ती मला पटत नाही. धरलेली बॅग हेलकावत नाही, म्हणजे तुम्ही ढकलताय की मारताय हे सांगायची तिची सोयच आपण काढून घेतो.

फ्रेझरचा डावा हुक

बॅगेवर घडलेला सर्वांत नावाजलेला ठोसा बहुधा जो फ्रेझरचा. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्टजवळ शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. त्यानं गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची कणसं, झाडांवर लोंबणारं शेवाळ आणि मधोमध एक वीट भरून ते ओकच्या झाडाला टांगलं आणि त्यावर वर्षानुवर्षं ठोसे मारले. लहानपणी पडून त्याचा डावा हात दुखावला आणि कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालंच नाही, असं तो सांगत असे. सरळ न होणाऱ्या हाताला हुकच सोयीचा. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला त्याच डाव्या हुकनं मुहम्मद अली पाठीवर आडवा झाला, आणि लढत फ्रेझरनं जिंकली.

हुकमध्ये हात जवळपास काटकोनात वाकलेला आणि तसाच जखडलेला राहतो. कोपर आणि मूठ एका पातळीवर. फिरतं ते धड. पुढच्या पायाचा चवडा आत वळतो आणि कंबर हाताला ओढून नेते. हात वेगळा हलू लागला की ठोसा रुंद होतो, दिसतो आणि ग्लव्हच्या आतल्या बाजूनं चापटीसारखा बसतो.

हुकची परीक्षा बॅगेच्या गिरकीत. जोर बॅगेच्या मध्यरेषेतून गेला तर ती सरळ कडेला सरकते. मध्यरेषा चुकवून गेला तर त्यातला बराच भाग बॅगेला स्वतःभोवती फिरवण्यात जातो आणि साखळ्यांना पीळ पडतो. सरळ ठोशालाही हेच लागू. राउंडच्या शेवटी साखळी पिळलेली दिसली तर ठोसे कडेकडेनं निसटत होते हे नक्की.

चौकट : तीन मिनिटं कशी भरायची

मेरी कोमनं २०१२ मध्ये लंडनला कांस्यपदक मिळवलं तेव्हा ऑलिंपिकमध्ये महिलांची लढत दोन मिनिटांच्या चार राउंडची असे. टोकियोत लव्हलिना बोर्गोहाईंनं कांस्य घेतलं तोवर पुरुष-महिला दोघांसाठी तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मध्ये एक मिनिट विश्रांती झाली होती. बॅगेवरही तेच घड्याळ लावावं.

पहिला राउंड नुसत्या जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा, निम्म्या जोरात. लक्ष फक्त मूठ परत येते का याकडे.

दुसरा जॅब आणि मागोमाग सरळ उजवा, क्लबच्या भाषेत ‘वन-टू’. लक्ष मागच्या टाचेवर. डावखुऱ्यांनी उलट.

तिसऱ्यात हुक आणि पोटावरचे ठोसे. पोटावर मारताना गुडघे वाकवून खाली जायचं, कंबरेतून ओणवं व्हायचं नाही.

चौथ्यात बॅगेभोवती फिरणं. दर दोन-तीन ठोशांनंतर जागा बदलायची.

जमत असेल तर पाचवा राउंड जोराचा : दहा सेकंद पूर्ण वेगानं, वीस सेकंद हलक्या जॅबवर. पूर्ण जोराच्या कामासाठी स्नायूंतला हाताशी असलेला साठा दहाएक सेकंदांतच ओसरतो. त्यापुढे रेटलं तर ठोसे ढकलण्यात जमा होतात.

आकार बिघडू लागला की राउंड अर्धा असला तरी थांबावं.

बॅग उलटून मारत नाही

जॉर्ज फोरमननं १९७३ च्या जानेवारीत त्याच फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं होतं. पुढच्या वर्षी अलीशी झालेल्या लढतीवरच्या ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ या माहितीपटात फोरमन हेवी बॅगवर ठोसे मारताना दिसतो. ते ठोसे पाहून अलीची काळजी वाटणारे त्या वेळी पुष्कळ होते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अली दोरांना टेकून, हातांची ढाल करून उभा राहिला आणि फोरमनला मारू दिलं. फोरमनचे रुंद, जड ठोसे हातांवर, कोपरांवर बसत होते, काही हवेत जात होते. हवेत गेलेला ठोसा सर्वांत महाग. तो थांबवायला बॅग किंवा माणूस नसतो, आपल्याच स्नायूंना ब्रेक लावावा लागतो. आठव्या राउंडमध्ये दमलेल्या फोरमनला अलीनं पाडलं.

बॅग डोकं हलवत नाही, ठोसा चुकवत नाही, आणि आपला डावा हात कंबरेपाशी लोंबत असला तर नाकावर मारत नाही. त्यामुळे नुसत्या बॅगेवर वाढलेला बॉक्सर स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या, पहिल्याच दिवशी उघडा पडतो. यावर उपाय बॅगेसमोरच करता येतो. प्रत्येक जोडठोशानंतर समोरून उत्तर आलंय असं धरून डोकं बाजूला काढायचं किंवा पाऊल मागे घ्यायचं. दोन ठोसे मारून नुसतं बघत उभं राहायचं नाही. मोबाइल कंबरेच्या उंचीवर बाजूला ठेवून एक राउंड चित्रित करावा आणि नंतर बघताना फक्त न मारणारा हात बघावा. एक हात मारायला गेला की दुसरा हनुवटीवरून घसरतो, ही चूक आरशासमोर दिसत नाही, कारण आरशात आपण मारणाऱ्या हाताकडेच बघत असतो. बॅगेच्या दर दोन राउंडमागे एक शॅडो बॉक्सिंगचा, म्हणजे नुसत्या हवेत ठोसे मारण्याचा असावा, म्हणजे टेकायला काही नसताना तोल राहतो का ते कळतं. कोचच्या पॅडवरचं काम आणि स्पारिंग यांची जागा बॅग घेऊ शकत नाही.

किन्शासात जगज्जेतेपद गमावलेला फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ रोजी पुन्हा जगज्जेता झाला, वयाच्या ४५ व्या वर्षी. समोर मायकेल मूरर होता, त्याच्याहून कितीतरी तरुण आणि नऊ राउंड बराच पुढे. दहाव्या राउंडमध्ये फोरमननं जॅब टाकला आणि मागोमाग आखूड, सरळ उजवा हात मूररच्या हनुवटीवर ठेवला. किन्शासातल्यासारखा लांबून फिरवून आणलेला नव्हता तो. मूरर दहा अंकांत उठला नाही.